वासितीचा नकार

वासिती आमच्या घरी आली त्या पहिल्याच दुपारी मी तिला भोपळ्याचं सारण भरलेले कापेलाच्ची, म्हणजे टोपीच्या आकाराचा आमच्याकडचा पास्ता, वाढले. तिने खाल्ले. पुन्हा वाढले, पुन्हा खाल्ले. तिसऱ्यांदा वाढायला गेले तेव्हा पोरीचे डोळे जरा मोठे झाले, पण तेही तिने मुकाट्याने संपवले आणि संध्याकाळभर पोट धरून माडीवर पडून राहिली. मला वाटलं, चला, शेवटी एक तरी विद्यार्थिनी नीट जेवणारी मिळाली. या मुलीला ‘नाही’ म्हणताच येत नाही, हे कळायला मला आणखी महिनाभर लागला.

इटलीतल्या फेर्रारात, गावाच्या जुन्या तटाला लागून असलेल्या गल्लीत माझं ताज्या पास्त्याचं दुकान आहे. लोरेदानाचं दुकान म्हणून कुणालाही विचारा. वर माडीवर दोन खोल्या. एक मी विद्यापीठातल्या मुलींना देते. दुसरीत माझा भाचा कोरादो राहतो, म्हणजे माझ्या दिवंगत भावाचा मुलगा. तोही विद्यार्थीच, पण त्याच्या वर्गातली मुलं आता टकली व्हायला लागली आहेत. दिवसा तो पर्यटकांना सायकली भाड्याने देतो आणि संध्याकाळी जगातल्या प्रत्येक विषयावर मत देतो.

वासिती फिजीची. तिथल्या एका मोठ्या नदीच्या मुखाशी तिचं गाव. पाण्याचा निचरा कसा करायचा, दलदलीतून शेती कशी उभी करायची, हे शिकायला ती वर्षभरासाठी आली होती, आणि त्यासाठी आमच्या मुलखाइतकी चांगली जागा नाही. आमची निम्मी शेतं समुद्राच्या पातळीखाली आहेत, पंप बंद पडले तर आम्ही बेडकांच्या शेजारी राहायला जाऊ.

तिच्या गावची रीत अशी की बसलेल्या मोठ्या माणसांपुढून जाताना कमरेत वाकून जायचं. दुकानात म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी बाक आहे, त्यामुळे ही दिवसातून दहादा वाकायची. औषधवाल्याची बायको इनेस हळहळली, एवढ्याशा वयात पाठ गेली म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पाठदुखीचं मलम घेऊन आली. वासितीला नको म्हणता येईना. तिने ते मलम निमूटपणे लावलं, थंडीचे सगळे महिने. माझ्या पास्त्याला कापराचा वास कुठून येतो याचा शोध लागेपर्यंत मी तीन पातेली फेकून दिली होती.

जूनपर्यंत तिच्या सगळ्या परीक्षा पार पडल्या. एकच उरली, प्रोफेसर गुईदोबोनींची, निचरा आणि जमीन यांची. जुलैच्या मध्यावर तिचं विमान होतं. तिच्या तिथल्या विद्यापीठाने आधीच कळवलं होतं की इथले सगळे विषय पूर्ण झाले तरच हे वर्ष धरलं जाईल आणि तिला पदवी मिळेल, नाहीतर वर्ष फुकट. गावात तर तयारीही सुरू झाली होती. तिचे आजोबा दोन डुकरं नुसती तिच्या स्वागतासाठी पोसत होते, आणि त्यांचे फोटो ती मला रोज दाखवायची. डुकरं खरंच चांगली होती.

परीक्षेच्या दिवशी दुपारी ती दुकानात आली तीच हसत. इतकी हसत की मी लाटणं खाली ठेवलं. किती मिळाले, विचारलं. म्हणाली, वीस.

आमच्याकडे परीक्षा तोंडी असते. प्रोफेसर समोर बसवून विचारतात, तिथल्या तिथे तीसपैकी गुण सांगतात आणि विचारतात, घेणार का? अठराला माणूस पास. पण गुण पसंत नसतील तर नको म्हणून उठताही येतं, मग पुढच्या वेळी पुन्हा बसायचं. वीस म्हणजे काही फार नव्हते, पण पास ते पास. मी हात पुसले आणि तिचा मुका घेतला.

“आणि आत्या, मी ते नाकारले,” ती म्हणाली. कोरादो म्हणतो म्हणून तीही मला आत्याच म्हणायची.

बाकावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोरादो तेव्हा कोपऱ्यात माझ्याच कॉफीवर ताव मारत होता, त्याचा कप हवेतच राहिला. वासितीला वाटलं, आम्ही आनंदाने थक्क झालो आहोत. ती समजावून सांगू लागली की कोरादो वर्षभर तिला हेच शिकवत होता. वीस-बावीसवर समाधान मानतो तो भिकारी, स्वाभिमानी माणूस मान ताठ ठेवून नको म्हणतो आणि पुन्हा येतो. इथल्या लोकांसारखं वागायचं तिने ठरवलं होतं. मान ताठ ठेवली होती. आयुष्यात पहिल्यांदाच एका मोठ्या माणसाला ती नाही म्हणाली होती.

“आणि पुढची परीक्षा कधी?” मी विचारलं.

“असेल ना पुढच्या आठवड्यात.”

“सप्टेंबरात,” कोरादो अगदी हळू म्हणाला.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या गल्लीत त्यातलं बरंचसं अजून लोकांना पाठ आहे. मी ओरडत होते याचं कारण एवढंच की मला रडू येत होतं. वासिती मात्र वाकून बाकापुढून गेली, माडीवर चढली, आणि थोड्या वेळाने मी वर गेले तर बॅग भरत होती. कपड्यांच्या अगदी सरळ घड्या. मला म्हणाली, आत्या, तुम्ही त्याला रागावू नका, त्याने चांगल्या मनाने सांगितलं. मी म्हटलं, चांगल्या मनाचं काय लोणचं घालायचं आहे? आणि तिच्या पलंगावर बसून तिच्याआधी मीच रडून घेतलं.

कोरादोबद्दल थोडं सांगायला हवं. त्याचा बाप, माझा भाऊ, पंपघरावर कामाला होता आणि मुलगा इंजिनियर होणार म्हणून गावभर सांगत सुटला होता. तो गेला तेव्हा कोरादो दुसऱ्या वर्षाला होता. त्यानंतर या पोराला कुठलेच गुण पुरेसे वाटेनात. तेवीस मिळाले, नाकारले. चोवीस मिळाले, नाकारले. मरत-मरत बाकीचे विषय संपवले, पण हा एक निचऱ्याचा विषय, बापाचा विषय, त्याने तीनदा नाकारला आणि मग बसणंच सोडून दिलं. लोक त्याला गर्विष्ठ म्हणत. मी त्याला लहानपणापासून बघते आहे, तो गर्व नव्हता. त्याला भीती वाटत होती की आपण बापाच्या शब्दाइतके मोठे होणार नाही. नको म्हणत राहिलं की ते कधी ठरतच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो विद्यापीठाच्या कचेरीत गेला आणि दुपारी आला तो चेहरा पाडून. बातमी चांगली होती, पण त्याच्यासाठी नव्हती. ज्यांची मुदत उलटून वर्षं झाली अशा रखडलेल्या विद्यार्थ्यांपैकी कुणी मागितली, तर प्रोफेसर जुलैतच एक जादा परीक्षा घेऊ शकतात. आणि एकदा परीक्षा ठरली की आणखी कुणाला बसवायचं ते त्यांच्या मर्जीवर. आता गुईदोबोनींच्या विषयात रखडलेला विद्यार्थी सगळ्या फेर्रारात एकच होता, आणि तो माझ्यासमोर उभा होता.

“मग माग,” मी म्हटलं.

“आत्या, ते मला ओळखतात. गेल्या खेपेला मी त्यांना जादा परीक्षा लावायला सांगितली आणि गेलोच नाही.”

हे मला नव्याने कळत होतं. पण ती वेळ भांडणाची नव्हती, म्हणून मी ते पुढच्यासाठी राखून ठेवलं.

प्रोफेसर गुईदोबोनी दर शनिवारी माझ्याकडून कापेलाच्ची नेतात. त्या शनिवारी मी त्यांच्या पुडक्यात थोडे जास्तच टाकले. त्यांनी पुडकं हातात तोललं, जास्तीचे मोजून परत ठेवले आणि म्हणाले, सिन्योरा, आज भोपळ्याला विनंतीचा वास येतो आहे. मी लाजले, आणि मला लाजवणं सोपं नाही. तेवढ्यात कोरादो आतून आला. माझ्यामागे न लपता, काउंटरच्या पुढे येऊन त्याने स्वतःच सगळं सांगितलं. चूक माझी आहे, म्हणाला, शिक्षा तिला होते आहे. प्रोफेसरांनी पुडकं काउंटरवर ठेवलं. मग म्हणाले की परीक्षा होईल, मुलीलाही बसता येईल, पण रखडलेला विद्यार्थी खुर्चीत बसलेला दिसला तरच. तो आला नाही तर परीक्षाच नाही.

मग माझ्या स्वयंपाकघरात जे दहा-बारा दिवस गेले, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे. मैद्याने पांढऱ्या झालेल्या टेबलाच्या एका टोकाला मी लाटत असायचे, दुसऱ्या टोकाला ही दोघं. हळूहळू कळलं की वासितीला वीसच का मिळाले. तिला सगळं येत होतं. पण प्रोफेसरांनी काही विचारलं की ती आधी आदराने खाली बघायची, मग ते पुढे बोलू लागले की मोठ्या माणसाला तोडायचं नाही म्हणून गप्प राहायची. आमच्याकडे जो गप्प बसतो त्याला काही येत नाही असंच धरतात. उलट आमच्या कोरादोसाहेबांना प्रश्न विचारा की या मुलखावर पोपचं राज्य होतं तिथपासून ते सुरुवात करायचे आणि पंपापर्यंत पोचेस्तोवर माझं पीठ वाळायचं.

म्हणून मी परीक्षक झाले. पुस्तकातला प्रश्न वाचायचा, आणि वासिती गप्प झाली की लाटणं टेबलावर आपटायचं. मी मुद्दाम चुकीचं बोलायचे आणि तिने मला तोडायचं. पहिले दोन दिवस तिच्याच्याने होईना. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं की पाणी खालून वर आपोआप चढतं, तेव्हा तिने ओठ उघडले आणि मिटले. चौथ्या दिवशी इनेसने दुकानातून ओरडून काहीतरी भलतंच सांगितलं, आणि ही पटकन म्हणाली, नाही. म्हणाली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर इनेसने बाकावरच्या बायकांना कामाला लावलं. ज्या बाईला आयुष्यात गटाराच्या पलीकडचा निचरा माहीत नव्हता तीही पाव किलो पास्ता घेता-घेता एक प्रश्न टाकून जायची.

कोरादोचं काम वासितीने हाती घेतलं. तो पोपकडे वळला की ती बोलायची नाही, नुसतं एक बोट वर करायची आणि हसायची. तो थांबायचा. माझ्या बोलण्याने जो कधी थांबला नाही तो एका बोटाने थांबतो हे बघून मला राग यायला हवा होता, पण मला फार बरं वाटत होतं.

परीक्षेच्या सकाळी मी त्याला उठवायला माडीवर गेले तर पलंग रिकामा. सायकलही जाग्यावर नाही. मी जिन्यातच बसले. पुन्हा पळाला, मनात म्हटलं, आणि या वेळी पोरीचं वर्ष घेऊन पळाला. वासिती तयार होऊन खाली आली होती, तिला मी काहीच सांगितलं नाही. दुकानाला कुलूप लावलं आणि तिच्यासोबत निघाले. आमच्याकडे परीक्षा उघड असते, कुणीही मागे बसून ऐकावं, त्यामुळे इनेस आणि बाकावरच्या सगळ्याजणीही निघाल्या. परीक्षेच्या खोलीशी पोचलो, तर दाराबाहेरच्या बाकावर कोरादो बसला होता, अंगात बापाचा कोट घालून. इस्त्री केलेला, त्या उन्हाळ्यात. झोप येईना म्हणून पहाटेच येऊन बसलो, म्हणाला. मी त्याला एक चापट मारली आणि मग त्याची कॉलर सरळ केली.

प्रोफेसरांनी चष्म्यावरून आमची पलटण पाहिली आणि विचारलं की आज गावात पास्ता कुणी विकत नाही का. मग त्यांनी वासितीला बोलावलं. पहिला प्रश्न, दलदल उपसली की जमीन खाली का बसते? तिने सांगितलं, नीट, मान वर ठेवून. दलदलीची माती कुजक्या पानांची, पाणी गेलं की ती आक्रसते, जमीन खचते, मग आणखी खोल उपसावं लागतं. प्रोफेसर खूश होऊन म्हणाले की म्हणूनच नदीच्या मुखाशी सगळीकडे एकच उपाय असतो, आधी भक्कम बांध आणि मग पंप.

“नाही, प्रोफेसर,” वासिती म्हणाली.

इनेसने माझा दंड इतका घट्ट धरला की तिची बोटं उमटली. वासिती थांबली नाही. तिने आपल्या आजोबांच्या अळूच्या शेताबद्दल सांगितलं. त्यांच्या गावात बांध घातला, त्यात समुद्राकडे पाणी सोडायचं दार बसवलं. मग नदीने आणलेल्या गाळाने ते दार एका पावसाळ्यात उघडेनासं झालं आणि पाणी आतच अडकून बसलं, अळू कुजला. बांधासाठी किनाऱ्याची झाडं तोडली होती, ती असती तर गाळ तिथेच अडला असता. तुमची नदी वेगळी, आमची वेगळी, म्हणाली. एकही शब्द अडला नाही. प्रोफेसरांनी चष्मा काढला आणि मध्ये एक शब्द न बोलता ऐकत राहिले. मग विचारलं, त्या दाराचं आता काय झालं? आणि दोघं अशी बोलत बसली की आम्ही तिथे आहोत हे त्यांच्या लक्षातही नव्हतं.

“एकोणतीस,” शेवटी ते म्हणाले. “की तेही नाकारणार?”

“घेते,” वासिती म्हणाली. वाकली मात्र तशीच, खोल. मला हसूही येत होतं आणि रडूही.

मग कोरादो. पहिल्या प्रश्नाला त्याने पोपचं नाव घेतलं, मागे वळून पाहिलं तर एक बोट वर होतं, आणि तो थांबून मुद्द्यावर आला. दोन प्रश्न छान गेले. तिसरा अडला. माहीत नाही, तो सरळ म्हणाला. चौथ्यात पंपघराची गोष्ट निघाली आणि पूर आला की रात्री कोणतं दार आधी उघडायचं ते त्याने सांगितलं, जे पुस्तकात नव्हतं, बापाकडून ऐकलेलं होतं. प्रोफेसरांनी मान हलवली. कागदाकडे बघितलं.

“बावीस.”

 आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आता काय होणार. त्याची मान ताठ झाली, खांदे मागे गेले. मी वर्षानुवर्षं बघत आलेला तो सगळा थाट. “प्रोफेसर,” त्याने सुरुवात केली, “मी...”

“तो घेतो,” वासिती म्हणाली.

ती उभी होती, सगळ्या म्हाताऱ्या बायकांच्या मध्ये, आणि अजिबात वाकलेली नव्हती. प्रोफेसर म्हणाले की गुण ज्याचे त्याने घ्यायचे असतात, दुसऱ्याने नाही. कोरादोने मागे वळून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माझ्या भावाच्या त्या कोटाकडे बघत होते. बाहीला दोन बोटं लांब होता, पण खांद्यावर बरोबर बसला होता.

“घेतो,” तो म्हणाला. मग बाहीने डोळे पुसले.

आम्ही जो आरडाओरडा केला त्याला काही तोड नाही. हे नाटकगृह नाही, असं प्रोफेसर दोनदा म्हणाले आणि तिसऱ्यांदा म्हणायच्या ऐवजी त्यांनीही दोन टाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या शनिवारी मी त्यांना मोजून तेवढेच कापेलाच्ची दिले. एकही जास्त नाही.

वासिती निघाली तो दिवस रविवारचा. तिला दुपारच्या गाडीने बोलोन्याला, विमानतळावर जायचं होतं. जेवायला इनेस आली होती, मलमाची नवी डबी घेऊन, आजोबांसाठी. कोरादो आपल्या प्रबंधाबद्दल बोलत होता. त्याला नदीच्या मुखावर आणि गाळाने अडलेल्या दारांवर लिहायचं होतं, आणि ते दार प्रत्यक्ष बघायला कधीतरी फिजीला जावंच लागेल, असं तो माझ्याकडे न बघता म्हणत होता. वासिती हसत होती आणि तीही माझ्याकडे बघत नव्हती. मी काही आंधळी नाही.

मी तिला वाढलं, तिने खाल्लं. पुन्हा वाढलं, पुन्हा खाल्लं. सवयीने तिसऱ्यांदा चमचा भरून नेला.

तिने ताटलीवर हात आडवा धरला.

“नको, आत्या. पोट भरलं.”

मी तशीच उभी राहिले, चमचा हातात. माझ्या दुकानात आजवर असं कुणी मला म्हटलं नव्हतं, आणि क्षणभर मला लागलंही. मग लक्षात आलं की वर्षभर ती पाहुणी होती म्हणून खात होती. आज पहिल्यांदा ती घरच्यासारखी बोलली होती, आणि आजच ती जाणार होती. मला इतका आनंद झाला, आणि त्या आनंदाचं काय करावं ते कळेना, म्हणून तो चमचा मी कोरादोच्या ताटलीत रिकामा केला. तोही गळ्यापर्यंत जेवला होता.

त्याने नाकारला नाही.